शालनच्या नावे शिलाई मशीन: माझी हरकत

शालन,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जे बोलले गेले, त्यातील बहुतेक विधानांना माझी हरकत आहे. ती मी तिथेच उभा राहून नोंदवली. परंतु अशा सभांचे इतिवृत्त कुणी ठेवत नाही, आणि जिच्याविषयी ती विधाने होती ती उत्तर द्यायला हजर नव्हती. म्हणून हे तुला उद्देशून लिहितो आहे. तू म्हणशील, अण्णा, आता गेलेल्या माणसालाबी कागद धाडतोस व्हय? धाडतो. जिवंत माणसांना धाडलेल्या कागदांना तरी कुठे वेळेवर उत्तरे आली?

एका वक्त्याने तुला कष्टाची मूर्ती म्हटले. एका बाईंनी सांगितले की परिस्थितीने तुझ्या हातातली लेखणी काढून घेतली आणि पटाशी दिली. आणि लोखंड ओतणाऱ्या ज्या फाउंड्रीवाल्यांसाठी तू उभी हयात लाकडाचे पॅटर्न घडवलेस, त्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी माइक हातात घेऊन जाहीर केले की बिचाऱ्या शालनताईंवर जी वेळ आली ती आणखी कुणावर येऊ नये, यास्तव तुझ्या नावाने निराधार महिलांना शिलाई मशिनांचे वाटप करण्यात येईल. टाळ्या पडल्या. जलदान विधी होऊन अर्धा तास झाला नव्हता, मेणबत्त्या अजून जळत होत्या, आणि टाळ्या पडल्या. दाजी खाली मान घालून बसले होते. तुझ्या नवऱ्याला मी इतकी वर्षे पाहतो आहे, पण त्यांची मान खाली असली की ते संमती देत आहेत की मनातल्या मनात नकार देत आहेत, हे मला कधीच ठरवता आले नाही.

वस्तुस्थिती अशी की तुझ्यावर कोणतीही वेळ आली नव्हती. तू निराधार नव्हतीस, परित्यक्ता नव्हतीस, उपाशी नव्हतीस. तुझ्या हाती सरकारी नोकरी होती आणि ती तू राजीखुशीने सोडलीस. हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेला वजन आहे, कारण ती नोकरी सोडण्याला सर्वांत कडवा विरोध माझाच होता.

चंदगडच्या एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक. नेमणुकीचा आदेश घरी आला तेव्हा आईने तो आधी भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे ठेवला आणि मगच आपल्याला वाचू दिला. आपले आबा फाउंड्रीत वाळू ओढत. त्यांच्या वडिलांना गावाने जे काम जन्मावरून नेमून दिले होते त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. तुला ठाऊक आहे. त्या घरातली मुलगी खुर्चीवर बसणार होती. मी स्वतः तुला एसटीत बसवून दिले, ट्रंक टपावर चढवली आणि कंडक्टरला बजावले की ही मुलगी शासकीय कर्मचारी आहे. कंडक्टर म्हणाला की पावणं, तिकीट मात्र काढावं लागंल.

पावसाळा सरता सरता तू तीच ट्रंक घेऊन दारात उभी राहिलीस. मला वाटले, रजा. तू म्हणालीस, सोडली. राजीनामा दिलास का, तर नाही. पूर्वसूचना, तर नाही. साहेबांना सांगितलेस का, तर साहेब जेवत होते. जेवणाच्या सुट्टीत तू उठलीस, खोलीवर गेलीस आणि मिळेल त्या गाडीत बसलीस. चंदगडच्या पावसात कागदांना आलेला कुबट वास, आणि आवक-जावकच्या नोंदी करताना दुपारपर्यंत खिडकीबाहेरची झाडे मोजत बसण्याची लागलेली सवय, एवढेच काय ते तू आईला सांगितलेस. मी न्यायालयाच्या दप्तरात नुकताच कायम झालो होतो. नोकरी सोडणे मला कदाचित पचलेही असते. ती विनासूचना, विनाअर्ज सोडणे मला आजही पचलेले नाही. तुझ्या वतीने राजीनाम्याचा मसुदा मीच केला. कारण म्हणून 'अपरिहार्य कौटुंबिक अडचण' असे लिहिले. सही करताना तू ते शब्द खोडलेस आणि वर आपल्या अक्षरात लिहिलेस, 'काम आवडत नाही.' माझ्या नजरेखालून आयुष्यभरात असंख्य अर्ज गेले, खरे, खोटे, रडके, उर्मट. असे कारण लिहिण्याचे धैर्य दुसऱ्या कुणी केलेले मी पाहिले नाही. पाठवण्यापूर्वी मी तो कागद पुन्हा लिहून काढावा असे मला तीव्रतेने वाटले. तू टपालपेटीपर्यंत माझ्यासोबत आलीस, म्हणून तसे करता आले नाही.

त्या वाटेवर मी तुला म्हणालो की ती जागा तुझी एकटीची नव्हती. तिथवर पोचायला आपल्या माणसांच्या कितीतरी पिढ्या खपल्या. ती सोडण्याचा अधिकार तुला एकटीला कुणी दिला? तू पेटीत पाकीट टाकलेस, आणि मग बोललीस.

"आज्ज्याला काम गावानं नेमून दिलतं. मला तू नेमून द्यायलाईस. मग फरक काय ऱ्हायला?"

मी निरुत्तर झालो नाही. फरक पगाराचा आहे, खुर्चीचा आहे, निवृत्तिवेतनाचा आहे, आणि ती खुर्ची मोकळी पडली की तिथे कोण बसतो याचाही आहे. हे सर्व मी तेव्हा सांगितले, त्यानंतर दर दिवाळीला सांगितले, आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण तू जे विचारलेस ते विचारणारी माझ्या ओळखीत तूच एक होतीस, हेही तितकेच खरे आहे.

तुझ्या मनात काय होते, ते मला फार उशिरा कळले. लहानपणी तू आबांचा डबा घेऊन फाउंड्रीत जायचीस. तिथे लोखंड ओतण्याआधी वाळूत हव्या त्या आकाराची पोकळी करावी लागते. त्या पोकळीसाठी वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना घडवतात, तो पॅटर्न. तो वाळूत दाबून बसवायचा आणि वाळूची कड न मोडता वर उचलून घ्यायचा. मागे जो आकार राहतो त्यात रस ओततात. एका दुपारी तू पॅटर्न उचलताना पाहिलास. लाकूड वर आले आणि वाळूचा एक कण ढळला नाही. वस्तू गेली आणि आकार तेवढा राहिला, अण्णा, असे तू सांगायचीस, आणि सांगताना आपोआप आवाज खाली आणायचीस, जणू मोठ्याने बोललीस तर ती वाळू आत्ता ढासळेल. चंदगडच्या त्या टेबलावर तू जे आठवत बसत होतीस ते हे होते. मला वाटले होते, तुला घरची आठवण येते.

पॅटर्न घडवणारे बाबू मिस्त्री हे जातीने सुतार आणि स्वभावाने साऱ्या उद्यमनगराचे सरन्यायाधीश. तू शिकवा म्हणालीस, त्यावर त्यांचा निवाडा एका वाक्यात झाला: हे बाईमाणसाचे काम नव्हे आणि तुमच्या लोकांचे तर नव्हेच. मी त्यांना रीतसर पत्र लिहिले. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकाला कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, असे त्यात नमूद केले. तो हक्क शासनाविरुद्ध मागता येतो, खासगी मिस्त्रीविरुद्ध नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मिस्त्रींना ते ठाऊक नसावे अशी माझी अटकळ होती. त्यांनी माझ्या पत्रात तंबाखूची पुडी बांधली. तू मात्र रोज सकाळी जाऊन त्यांच्या पायरीवर बसलीस. मिस्त्री म्हणायचे की पटाशी आणि बायको कुणाला उसनी द्यायची नसते. तू म्हणालीस, मग मला माझी पटाशी घेऊ द्या, बायकोचं तुमचं तुम्ही बघा. दुकानातली माणसे हसली, मिस्त्रींना हसू दाबता आले नाही, आणि त्या दिवशी तू पायरीवरून आत गेलीस. माझे पत्र बरे लिहिलेले होते, एवढेच म्हणतो.

पुढचे कितीतरी महिने त्यांनी तुला लाकूड दिले नाही, फक्त धार दिली. दगडावर पटाशी घासायची, मूठ स्वतः घडवायची, रंध्याचे पाते स्वतः बसवायचे. तू घरी येऊन शिकवल्यासारखी बोलायचीस: धार असली की रंधा शीळ घातल्यागत वाजतो, गेली की खरडतो. सागवानाच्या रेषा कुठे वळतात ते डोळ्यांना नव्हे, अंगठ्याला आधी कळते. पॅटर्नची बाजू अगदी उभी ठेवायची नाही, किंचित उतार द्यायचा, नाहीतर उचलताना वाळूची कड तुटते. हा उतार तुझ्याकडून कमी पडला की मिस्त्री अख्खा तुकडा उलटा करून तुझ्यासमोर ठेवायचे आणि चहाला जायचे. तू रडत घरी यायचीस आणि सकाळी सर्वांच्या आधी निघायचीस. चंदगडहून तू एकदाही रडत आली नव्हतीस. मला हा हिशेब त्या वेळी उलगडला नाही.

आणि ग्लास. तुझ्या चहाचा ग्लास वेगळा ठेवतात, हे तू मला सांगितले नव्हतेस. मी एकदा दुकानावर आलो तेव्हा पाहिले. बाकीच्यांचे ग्लास फळीवर, तुझा एकटा खिडकीत, उन्हात. माझ्या तोंडाकडे पाहून तू ओळखलेस आणि मला दंडाला धरून रस्त्यावर आणलेस. मी म्हणालो, हा गुन्हा आहे, नागरी हक्क संरक्षणाचा कायदा याच्यासाठीच आहे, फिर्याद आजच द्यायची.

"मिस्त्रीला तुरुंगात घातल्यावर मी शिकू कुनाकडनं?"

मी म्हणालो, कायदा शिकणाऱ्याची सोय पाहत नाही. तू म्हणालीस की मग तो कायदा घेऊन तू घरला जा, माझं पातं अर्धं ऱ्हायलंय. आणि आत निघून गेलीस. मी फिर्याद लिहिली. ती खिशात घेऊन मी पोलीस ठाण्यापर्यंत गेलो आणि परत आलो. गुन्ह्याची दखल न घेता परत येण्याचा तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग, आणि तो तुझ्यामुळे घडला.

मग एके दिवशी तू गोल पटाशीने नळीचा बाक कोरलास. मिस्त्री तो घेऊन खिडकीच्या उजेडाला गेले. अंगठा फिरवत राहिले, पुन्हा फिरवत राहिले, चूक सापडेना. त्या तंद्रीत त्यांनी खिडकीतला ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. सगळे दुकान थांबले. शेवटच्या घोटाला त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ग्लासाकडे पाहिले, तुझ्याकडे पाहिले, चहा पार गार झालाय म्हणाले, दुसरा सांगायला लावला, आणि रिकामा ग्लास फळीवर बाकीच्यांच्या शेजारी ठेवला. त्यानंतर तो तिथेच राहिला. तू हे मला पोट धरून हसत सांगितलेस. मी हसलो नाही. मी म्हणालो, तंद्रीत पाळलेली समता ही समता नव्हे; त्या माणसाने माफी मागितली पाहिजे. तू म्हणालीस, तंद्रीत का हुईना, ग्लास फळीवर गेला न्हवं? शालन, हा वाद आपण मिटवलेला नाही, आणि तू गेलीस म्हणून मी तो एकतर्फी निकाली काढणार नाही. माफी मागितली गेली नाही, ही वस्तुस्थिती आहे. त्याच माणसाने डोळे मिटण्यापूर्वी आपली गोल पटाशी तुझ्या हातात कायमची ठेवली, हीही वस्तुस्थिती आहे. या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही. तू तो न घालताच इतकी वर्षे सुखाने काम केलेस, हे मला कधी समजले नाही.

तुझ्या त्या पट्टीचेही सांगितले पाहिजे, कारण भावनेच्या भरात लोक म्हणाले की तू साधी, भोळी होतीस. तू भोळी असतीस तर मी इतका चिडलो असतो का? तुझ्या टेबलावरची पोलादी पट्टी मी सहज माझ्या कार्यालयातल्या पट्टीशी लावून पाहिली, तर तुझी लांब. एक फूट एक फूट नव्हताच. मी तिथल्या तिथे वजनमापे निरीक्षकांना तक्रार लिहायला घेतली: बाजारात खोट्या पट्ट्या राजरोस विकल्या जात आहेत. तू दोन परिच्छेद लिहू दिलेस. खाली सही केल्यावर सांगितलेस की ओतलेले लोखंड गार होताना आटते, जेवढे आटणार तेवढे पॅटर्नमध्ये आधीच वाढवून ठेवावे लागते, म्हणून आमची पट्टी मुद्दाम लांब असते. मी विचारले, मग सही करेपर्यंत गप्प का बसलीस? तू म्हणालीस, तुझं अक्षर लई छान हाय, बघत ऱ्हायले. माझे म्हणणे एवढेच की पट्टीवर तसे ठळक छापावे, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात नव्हे. तसे मी पट्टी बनवणाऱ्यांना कळवलेही. उत्तर नाही.

परंतु सूड नियतीने उगवला. माझ्या कायद्याच्या पुस्तकांसाठी तू हौसेने कपाट करून आणलेस, दोन हमालांनी ते जिन्याने वर चढवले, आणि भिंतीतल्या ठरलेल्या जागेत ते काही केल्या बसेना. घरच्या कपाटाला तू कामावरच्या पट्टीने मापे घेतली होतीस. हमाल घाम पुसत उभे, माझी पत्नी पदर तोंडाला लावून उभी. तू कपाटाकडे बघितलेस, भिंतीकडे बघितलेस, आणि अगदी गंभीरपणे म्हणालीस की बिडाचं ओतलं असतं तर बरोब्बर बसलं असतं. चूक कबूल करण्याची ही पद्धत मी कोणत्याही न्यायालयात पाहिलेली नाही. मग मांडी घालून तू ते खालून तासलेस, आणि तासताना गुणगुणत होतीस. चुकलेले काम दुरुस्त करताना गुणगुणणारा लिपिक मी पाहिलेला नाही.

ज्या फाउंड्रीत आबांनी वाळू ओढली, तिथे तुझा स्वतंत्रपणे केलेला पहिला पॅटर्न गेला, पंपाच्या केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा. साक्षीला मी होतो. वाळूचा साचा करणारा मोल्डर तुझ्यापेक्षा थोडा थोरला, अबोल, हाताला भाजल्याचे डाग. त्याने पॅटर्न वाळूत बसवला, हलकेच ठोकून सैल केला, आणि उचलण्याआधी तुझ्याकडे पाहून विचारले, उचलू? एवढा एकच शब्द. तू श्वास धरलास. लाकूड वर आले. वाळूची कड जशीच्या तशी. नुसती खाली वाकून त्या पोकळीत बघत राहिलीस. मोल्डरही बघत राहिला, पण पोकळीत नव्हे. ते आपले दाजी. लग्नाचा प्रस्ताव त्यांनी माझ्याकडे आणला तेव्हा मी सात प्रश्न लिहून ठेवले होते. त्यांनी पहिल्याच प्रश्नाला सांगितले की तिचं काम मी उचललंय, मला ठाव हाय ती कशी हाय. बाकीचे सहा मी विचारले नाहीत.

पुढे संगणकावर चालणारी यंत्रे आली, लाकडाऐवजी रेझिनचे प्लास्टिकी ठोकळे आले, आणि तुझ्या बरोबरीचे मिस्त्री एकेक करून दुकाने बंद करून बसले. तू चष्मा लावून हुपरीच्या एका तरुणाकडे संगणकावर ड्रॉइंग शिकायला गेलीस. चांदीच्या पैंजणांची डिझाइन करणारा तो मुलगा तुला आजी म्हणायचा. तू त्याला गुरुजी म्हणायचीस आणि त्याच्या चुका काढायचीस. मी विचारले, या वयात कशाला? तू म्हणालीस, यंत्राला आकार कापता येतो, पण उतार किती द्यायचा हे त्याला कुणीतरी सांगायला पायजे की.

ही बाई परिस्थितीची बळी. हिच्या नावाने शिलाई मशीन. आता सांग, मी उठणार नव्हतो का?

मी उठलो. मुद्देसूद बोललो. पहिला मुद्दा, 'बिचारी' हा शब्द मागे घ्यावा. दुसरा, निराधार असणे ही शालनची पात्रता नव्हती, म्हणून तिच्या नावाच्या उपक्रमाचीही ती अट असू नये. तिसरा, जिने बायकांनी काय शिकावे याच्या यादीबाहेर आयुष्य काढले तिच्या नावाने त्याच यादीतली पहिली वस्तू वाटणे हा अवमान आहे. चौथ्या मुद्द्याला अध्यक्ष हात जोडून म्हणाले की अण्णासाहेब, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, पण चांगल्या कामाला खोडा घालू नका, मशिनांची ऑर्डर गेलेली आहे. मंडपात कुजबुज झाली. कुणीतरी माझा सदरा मागून ओढला. माझे कागद हातात होते, अजून तीन मुद्दे शिल्लक होते, आणि मला दिसत होते की मी हरतो आहे.

तेव्हा दाजींनी मान वर केली. उठायला त्यांना वेळ लागला. माइक त्यांनी घेतला नाही.

"शालनला शिवण आवडत न्हवती. तिच्या बलाउजची बटनंसुदीक मीच लावायचो. तिच्या नावानं मशीन वाटू नगा."

कुणीतरी हसले, मग बरेच जण हसले, आणि मग हसणे थांबले, कारण दाजी अजून उभेच होते.

"आनि बिचारी म्हनू नगा. ती खुशीत हुती."

ते बसले. मशिनांवरून तुझे नाव काढले गेले. मशिने वाटली जातील, पण संघटनेच्या नावाने, आणि त्याला माझी हरकत नाही. माझ्या उरलेल्या तीन मुद्द्यांची गरज पडली नाही. त्यातला सहावा विशेष चांगला होता.

अध्यक्ष मुळात वाईट मनुष्य नव्हेत. त्यांनी विचारले, मग ताईंच्या नावाने आम्ही द्यायचे तरी काय? मी म्हणालो, काही देऊ नका. तुमच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेणे हे दान नव्हे, कायद्याने लादलेले कर्तव्य आहे. ते पाळा, आणि पॅटर्न शॉपमध्ये मुली घ्या. गरीब म्हणून नको, विधवा म्हणून नको. जिला लाकडाला हात लावावासा वाटतो ती. त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी मी तेच टपालाने लेखी कळवले. परवा उत्तर आले, तेही मोबाइलवर, जोडलेल्या हातांच्या चित्रासह: पॅटर्न शॉपमध्ये महिलांसाठी अनुकूल वातावरण नसल्याने तूर्त शक्य नाही. शालन, तू चाळीस वर्षे ज्या वातावरणात श्वास घेतलास, ते त्यांना अद्याप सापडलेले नाही.

आता एक गोष्ट राहते. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तू मला विचारलेस, अण्णा, तुला तुझी नोकरी कधी आवडली हुती का? मी म्हणालो, नोकरी आवडण्यासाठी नसते, करण्यासाठी असते. तू डोळे मिटून हसलीस, आणि सलाईन संपत आल्याचे निमित्त करून मी नर्सला बोलवायला उठलो. ते उत्तर अपुरे होते. पूर्ण उत्तर असे: मी माझी नोकरी निर्दोष केली. माझ्या हातून दप्तर गहाळ झाले नाही, तारीख चुकली नाही, निवृत्त होताना शाल आणि फुले मिळाली, आणि दरमहा बँकेत जे जमा होते त्यावर मी ताठ मानेने जगतो. पण तू रविवारी दुपार कलली की उद्याच्या लाकडाविषयी बोलायला लागायचीस. मला एकाही रविवारी सोमवार हवासा वाटला नाही. हे तुला सांगितले असते तर आपला वाद त्याच क्षणी संपला असता आणि तू जिंकली असतीस. म्हणून सांगितले नाही. आत्ता सांगतो आहे, पण याला कबुली समजू नकोस. सोमवार आवडणे हे पूर्वसूचना न देण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

इथे थांबतो. संघटनेसाठी दुसरे पत्र तयार आहे. कलम, पोटकलम, प्रतिलिपी सर्व जागच्या जागी. या वेळी ते टपालाने पाठवत नाही, स्वतः घेऊन जातो आहे. दाजी बाहेर चप्पल घालून उभे आहेत. मी काय बोलनार न्हाय, म्हणतात, नुस्ता बसनार. बसू देत. त्यांचे नुसते बसणे म्हणजे काय, हे अध्यक्षांना आता ठाऊक आहे.